एक्केचाळीस फटी

द्वारकाबाई खरातांना कुणी विचारलं, की बाई, तुमच्या आयुष्यातले सुखाचे दिवस कोणते, तर त्या लग्नाचं नाव घेत नाहीत आणि मुलांचंही घेत नाहीत. त्या एक खोली सांगतात. विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या इमारतीच्या मागच्या अंगाची, काळ्या पडद्यांची, दोन सूक्ष्मदर्शकांची आणि फिरण्यापेक्षा कुरकुरण्यात जास्त रस असलेल्या एका पंख्याची. त्यांची सून म्हणते, "आई, चेष्टा करता व्हय?" बाई चेष्टा करत नाहीत. त्या खोलीत त्यांनी सात वर्षं काढली आणि त्यातला एकही दिवस त्यांना परत करावासा वाटत नाही.

सन एक्क्याऐंशी. द्वारका तेव्हा बावीस वर्षांची होती, नागसेनवनातल्या कॉलेजातून नुकतीच बी.एस्सी. झालेली. आता स्कॅनर म्हटलं की झेरॉक्सच्या दुकानातलं यंत्र आठवतं. त्या काळी स्कॅनर म्हणजे बाई. हैदराबादेतून मोठे फुगे आभाळात सोडत, त्यांना काचेच्या प्लेटा बांधलेल्या असत आणि प्लेटांवर फोटोच्या मसाल्याचा जाड थर. आभाळातून अहोरात्र कण पडत असतात. त्यातला एखादा प्लेटेतून आरपार गेला, की प्लेट धुतल्यावर मसाल्यात त्याची काळी रेघ उमटते. ती रेघ साध्या डोळ्यांना दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली प्लेट केसभर केसभर सरकवत शोधावी लागते. हे काम चिकाटीचं, म्हणून साहेब लोकांनी ते बायकांवर सोपवलं होतं, आणि चिकाटीच्या कामाला जेवढा पगार मिळतो तेवढाच द्यायचे.

दुसऱ्या स्टुलावर वहिदा बसायची. उस्मानपुऱ्यातली, द्वारकेपेक्षा दहा वर्षांनी मोठी, म्हणून वहिदाआपा. आपा मॅट्रिकसुद्धा नव्हती. पण तिचे अब्बा हिमरूचं नक्षीदार कापड विणायचे आणि मागाशेजारी बसून ताणे मोजतच ती लहानाची मोठी झाली होती. मुलाखतीला सरांनी तिला दहा रेघांचा फोटो दाखवून विचारलं, किती दिसतात? आपा म्हणाली, "ग्यारा. वो एक आडवी है ना, उसको आप भूल गये." सरांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

सर म्हणजे डॉ. मल्हारराव कोकरे. मेंढपाळाचं पोर, वाड्यावस्त्यांवरनं शिकत विलायतेपर्यंत जाऊन आलेलं, पण रंगात आलं की भाषा पुन्हा मेंढरांमागची. "माजा बाप दीडशे मेंढरं कधी मोजायचा नाय," ते सांगत. "नुसता बघायचा. एक कमी आसलं तरी त्याला कळायचं. मला तसली नजर पायजे." त्यांना तसल्या दोन नजरा मिळाल्या होत्या, पण हे त्यांनी तोंडावर कधी म्हटलं नाही. तोंडावर स्तुती करण्याच्या बाबतीत सर फार चिक्कू होते.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला सरांच्या डोक्यात एक नवीन खूळ शिरलं. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी वाचलं होतं, ते दोघींना समोर बसवून सांगितलं. आभाळातून येणाऱ्या काही कणांच्या अंगात म्हणे भलताच जोर असतो. एवढ्याशा कणात सणसणत आलेल्या विटीइतका. इतका जोर त्यांना कुणी दिला, ते येतात कुठून, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. काही लोकांचं म्हणणं असं होतं, की ते नेहमीच्या पदार्थाचे नसतीलच. आपण सगळे ज्याचे बनलो त्या पदार्थाच्या मुळाशी क्वार्क नावाचे अगदी बारीक कण असतात, आणि ते फक्त दोन जातींचे. मेलेल्या ताऱ्यांच्या पोटात दाब इतका, की तिथं तिसऱ्या जातीचा, 'विचित्र' याच नावाचा क्वार्क त्यात मिसळतो आणि त्याचा घट्ट, भयंकर जड गोळा बनत असेल. असे दोन तारे एकमेकांवर आपटले, की त्या गोळ्याचे कपचे विश्वात उडत असतील.

आपानं थोडा विचार केला. "मतलब कळण्याची भाकरी," ती म्हणाली. "ज्वारीचं पीठ सुटतं. उडीद मिसळला की चिवट होतं."

सरांनी खुर्चीवरनं उडी मारायचीच बाकी ठेवली. "आगदी तेच! त्यो जोरवाला कपचा आपल्या प्लेटेत सापडणं जन्मात शक्य नाय. पण त्याची हळू चालणारी भावंडं आसतील. आपुन ती हुडकायची."

हुडकायची कशी, हे अगदी साधं होतं. कणाच्या रेघेत मधेमधे बारीक फटी असतात. नेहमीचा जड कण प्लेटांच्या थप्पीतून जाताना दमतो, त्याचा वेग कमी होतो आणि रेघ दाट होत जाते, म्हणजे फटी कमी कमी होतात. विचित्र पदार्थाचा कपचा मात्र इतका वजनदार, की दोन-चार डझन प्लेटांनी त्याला काही फरक पडायचा नाही. पहिल्या प्लेटेत जितक्या फटी, शेवटच्यातही तितक्याच. तशी रेघ सापडली की झालं.

हे सगळं ज्या इमारतीत चाललं होतं, तिच्या फाटकाबाहेर दुसरंच काही चाललेलं असायचं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव अठ्ठ्याहत्तरात विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं पेटली. द्वारकेचे वडील कडुबा त्याच वर्षी खेड्यातलं जळकं घर मागं टाकून शहरातल्या भीमनगरात आले होते. ठरावाला आठ-नऊ वर्षं उलटली तरी फाटकावरची पाटी जुनीच होती. कडुबा दर सत्याग्रहात जायचे, धरले जायचे, सुटून यायचे आणि मुलीला विचारायचे, "पाटी बदलली का गं?" द्वारका रोज त्या पाटीखालून आत जायची. रोज ते तिला डाचायचं, आणि खोलीत जाऊन डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला की मगच जरा निवायचं. एकदा मोर्च्याच्या दिवशी आपानं तिला डबा देत सांगितलं होतं, "तू जा. तेरी प्लेट मैं देखती." ही गोष्ट द्वारकाबाई अजून सांगतात.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर आपाला ती रेघ सापडली.

जाड, काळी, चोवीसच्या चोवीस प्लेटांतून सरळ गेलेली. आपा ओरडली नाही. तिनं फक्त द्वारकेच्या मनगटाला धरून तिला आपल्या स्टुलावर बसवलं. द्वारकेनं पाहिलं आणि ती सरांना हाका मारत सुटली. सर धावत आले, त्यांनी पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. "मोजा," एवढंच म्हणाले. "दोघींनी वेगवेगळं मोजा. एकमेकीचे आकडे बघायचे नायत. बघितले तर समदं मातीमोल."

नियम असा होता, की एरवी शेजारी बसून रेघा शोधल्या तरी असं पडताळून मोजताना एक सूक्ष्मदर्शक शेजारच्या खोलीत न्यायचा आणि दोघींनी दोन खोल्यांत बसून मोजायचं. पण त्याच महिन्यात नामांतराच्या गडबडीत दगडफेक झाली आणि शेजारच्या खोलीच्या काचा फुटल्या. दगड कुठल्या बाजूचा, हे दगडाला विचारून उपयोग नव्हता. धूळ आत यायला लागली, म्हणून तिथं नेलेला सूक्ष्मदर्शक परत पहिल्याच खोलीत आणून आपाच्या शेजारी मांडला. सरांनी मधे पुठ्ठ्याचा आडोसाही उभा केला, एकीला दुसरीची वही दिसू नये म्हणून. आपानं पहिल्या प्लेटेपासून खाली यायचं आणि द्वारकेनं चोविसाव्यापासून वर जायचं, असं ठरलं. हातात एक-एक मोजणीचं यंत्र. अंगठ्यानं दाबलं की टक्‌ वाजून एक आकडा पुढं सरकायचा. दोघी त्याला खटका म्हणायच्या.

पुढचे दोन महिने खोलीत फक्त पंख्याची कुरकुर आणि दोन खटक्यांची टकटक. आपापल्या जागी, आपापल्या प्लेटेवर, एकमेकीशी चकार शब्द न बोलता. दुपारी मात्र आडोसा बाजूला व्हायचा. आपाच्या डब्यात खिचडी-खट्टा, द्वारकेच्या डब्यात भाकरी आणि ठेचा. डबे नेहमी आदलाबदल व्हायचे. आपाचा नवरा इलियास, त्याचा माग बंद पडला होता आणि घर तिच्या पगारावर चालत होतं. वाळूजला नवनवे कारखाने उभे राहत होते. तिथं बायकांनाही घेतात, पगार जास्त आहे, असं मोहल्ल्यात सगळे तिला सांगायचे. आपा नाक मुरडायची. "मेरेकू डब्बे नहीं भरने. मेरेकू तारे का कपचा पकडना है."

आकडे जुळले तेव्हा सरांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. आपाच्या चोवीस प्लेटा: एक्केचाळीस, बेचाळीस, एक्केचाळीस, चाळीस, असंच शेवटपर्यंत. द्वारकेच्या चोवीस: चाळीस, एक्केचाळीस, एक्केचाळीस. वरून खाली आणि खालून वर, फटी तितक्याच. रेघ दमलीच नव्हती. मल्हारराव कोकरे नावाच्या कडक माणसानं त्या दिवशी दोन बायकांसमोर डोळ्याला रुमाल लावला. लेख टंकलेखनाला गेला. प्रकल्पाची मुदत मार्चअखेर संपत होती. हा लेख गेला तर पैसा पुरवणारे दिल्लीवाले आणखी पाच वर्षं देणार, हे नक्की होतं. नाही गेला तर खोलीला कुलूप.

लेख सोमवारी पोस्टात पडायचा होता. आदल्या गुरुवारी आपाच्या घरी पाहुणे होते, ती आली नव्हती. द्वारका एकटीच. चोविसाव्या प्लेटेच्या आकड्याखाली शाईचा डाग पडला होता. म्हटलं, एकदा मोजून नीट लिहून ठेवावं.

चौतीस.

तिला वाटलं, डोळा थकला. पाणी पिऊन पुन्हा मोजलं. तेहेतीस. पुन्हा मोजलं, चौतीस. वहीत आकडा होता चाळीस.  तिनं कुणाला काही सांगितलं नाही.

शुक्रवारी आपा आली, आडोशापलीकडं बसली आणि राहिलेली एक दुसरीच रेघ मोजायला लागली. द्वारकेनं चुपचाप चोविसावी प्लेट लावली. एक्केचाळीस. तिनं जीव मुठीत धरून पुन्हा मोजलं आणि या वेळी डोळ्याकडं नाही, अंगठ्याकडं लक्ष दिलं. तेव्हा तिला कळलं. फट अंधुक असली, आहे का नाही असं वाटलं, की तिचा अंगठा क्षणभर थांबत होता. पलीकडं आपाचा खटका टक्‌ वाजला की तिचाही वाजत होता. आपा थांबली की ती थांबत होती. तिनं पर्समधला कापूस काढून दोन्ही कानांत कोंबला आणि मोजलं.

तेहेतीस.

सात वर्षं शेजारी बसून दोघींचे हात एका चालीला लागले होते. एका जात्यावर बसणाऱ्या बायकांचे लागतात तसे. आडोसा नजरेला होता, कानाला कुणी आडोसा केलाच नव्हता. आपा वरच्या प्लेटेत जास्त फटी असताना कमी मोजत होती, द्वारका खालच्या प्लेटेत कमी असताना जास्त, आणि दोघी मध्यावर येऊन भेटत होत्या. एक्केचाळिसावर. रेघ बिचारी नेहमीसारखी दमत गेली होती. न दमणाऱ्या होत्या त्या दोघी.

ती रात्र तिनं कशी काढली ते तिचं तिला ठाऊक. शनिवार गेला. सांगितलं नाही तर? कुणाला कळणार होतं? जगात हे माहीत असलेली ती एकटीच. खोली राहील, आपाचं घर राहील, सरांचं नाव होईल. आणि सांगितलं तर आपा म्हणेल, माझ्या ताटात तूच माती कालवलीस. द्वारकेला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटत होती. सरांना सांगायची तिला मुळीच भीती नव्हती.

रविवारी दुपारी ती उस्मानपुऱ्यात गेली. आपा लसूण सोलत बसली होती. द्वारकेनं उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं, कारण आत जाऊन चहा प्यायली असती तर सांगायची हिंमत राहिली नसती.

आपाचा चेहरा बघता बघता कडक झाला. "मेरे एक्केचाळीस खरे आहेत," ती म्हणाली. "तुझी नजर कच्ची. बचपनसे ताणे मोजतेय मी, एक सूत नाय चुकलं कधी."

"आपा, एकदा कापूस घालून मोजा. एकच प्लेट. पयली. एक्केचाळीस आले तर मी तोंड उघडणार नाय."

"आणि नाय आले तर?"

द्वारका उंबऱ्यावर उडालेली लसणाची सालं वेचायला लागली.

"तेरेकू मालूम है ना, मार्चनंतर या घरात क्या होनेवाला है?" आपा म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्याचंच जास्त लागलं. "और तू मेरेकू कापूस घालायला सांगतीस."

"व्हय आपा," द्वारका म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "सांगते."

सोमवारी सकाळी आपा सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. द्वारकेशी बोलली नाही. बुरख्याच्या खिशातून कापूस काढला, कानांत घातला, पहिली प्लेट लावली. खटका चालू लागला. द्वारका दाराशी उभी राहून ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्याही नकळत ती एक्केचाळिसाची वाट बघत होती, आणि मनात म्हणत होती, थांब आपा, तिथंच थांब. खटका एक्केचाळिसाला थांबला नाही. सावकाश, एक-एक करत, सेहेचाळिसावर जाऊन थांबला.

आपानं पुन्हा मोजलं. मग यंत्राचा आकडा शून्यावर आणला, कानातला कापूस काढून नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि उठली. द्वारका पुढं झाली तर तिला हातानं मागं सारलं. सरांच्या खोलीत स्वतःच गेली. सर लेखाचं पाकीट डिंकानं चिकटवत होते.

"सर," आपा म्हणाली, "पाकीट खोलो. हमारे दोनों के हात एक हो गये थे."

सरांनी सगळं ऐकून घेतलं.  मग ते बाहेर लिंबाच्या झाडाखाली जाऊन बराच वेळ उभे राहिले. आत आले तेव्हा म्हणाले, "माजा बाप आसता तर त्याला पयल्याच दिवशी कळलं आसतं." आणि थोड्या वेळानं, "त्यानं तुमाला दोघींना कामाला ठेवलं आसतं, म्या ठेवलं तसं." सात वर्षांत त्यांनी केलेली ती एकुलती एक स्तुती.

मार्चअखेर खोली बंद झाली. आपा वाळूजच्या एका कारखान्यात डबे भरायला लागली, जे करायचं नाही म्हणत होती नेमकं तेच. द्वारका एका शाळेत चिकटली. वर्षभर भेट नाही. द्वारकेला वाटायचं, जावं. पण कुठल्या तोंडानं? शाळेत पोरं टाळ्या वाजवता वाजवता एका तालात आली, की ती त्यांना मधेच थांबवायची.

पुढच्या वर्षी सरांकडून टपालानं एक पातळ मासिक आलं. त्यांनी दुसराच लेख लिहिला होता, दोन पानांचा. एकाच खोलीत बसणारे मोजणारे नकळत एकमेकांच्या मोजणीवर कसा परिणाम करतात आणि त्यातून नसलेला विचित्र पदार्थ कसा दिसू लागतो, याबद्दल. सोबत चिठ्ठी होती: 'कपचा सापडला असता तर शेवटी तुमचे आभार मानले असते. चूक तुम्ही पकडलीत, म्हणून नावं वर.' आणि खरंच, लेखाच्या मथळ्याखाली सरांच्याही आधी इंग्रजीत दोन नावं छापलेली होती. वहिदा इलियास. द्वारका खरात.

कडुबांनी ते पान हातात धरून नावावर बोट फिरवलं. मग बोट खाली सरकलं, पत्त्यावर. "हे काय लिव्हलंय?" त्यांनी विचारलं. द्वारकेनं सांगितलं, विद्यापीठाचं नाव. "कोणतं?" ती म्हणाली, "जुनंच, आबा." कडुबांनी पान परत दिलं.

संध्याकाळी ती उस्मानपुऱ्याच्या चौकात उभी राहिली. कारखान्याची बस आली, बायका उतरल्या. सगळ्यात शेवटी आपा, अंगावर कंपनीचा निळा कोट. द्वारकेला पाहून ती थबकली. द्वारकेनं काही न बोलता मासिक पुढं केलं.

आपानं नावं अक्षर अक्षर लावून वाचली. "हमारी गलती छापी इसने," ती म्हणाली. "दुनियाभर!" आणि हसायला लागली. हसता हसता तिनं द्वारकेचं मनगट धरलं, रेघ सापडली त्या दिवशी धरलं होतं तसंच घट्ट.

मग आपाची नजर खाली गेली, विद्यापीठाच्या पत्त्यावर.  तिनं निळ्या कोटाच्या खिशातून डब्यांवर नंबर टाकायचं पेन काढलं, मासिक द्वारकेच्या पाठीवर टेकवलं आणि लिहायला लागली. द्वारकेला दिसत नव्हतं, पण पाठीवर अक्षरं कळत होती. डॉक्टर. बाबासाहेब. आंबेडकर. पाटी बदलायला अजून पाच वर्षं होती.

"आपा," द्वारका कशीबशी म्हणाली, "छापलेल्यावर लिहू नाय."

"कायकू नाय?" आपा मागून म्हणाली. पेन थांबलं नव्हतं. "चूक दिसली की सांगायची. घर बुडालं तरी सांगायची. रविवारी दुपारी मेरे दरवाजेपे येऊन कोण शिकवून गेली होती? हिल नको. आता सीधी उभी राहा."